हौशी रेडिओ : बेस स्टेशनच्या अँटेनाची निवड आणि जुळवणी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या दिवशी मुंबई, ठाणे आणि उल्हास नदीकाठच्या कल्याण-बदलापूर पट्ट्यात अनेक ठिकाणी वीज गेली, लोकलगाड्या थांबल्या आणि दूरध्वनी व मोबाइल सेवा कोलमडली. घरातील माणूस कोठे अडकला आहे, हे कळण्याचा मार्गच हजारो कुटुंबांना उरला नाही. अशा वेळी मनोरा, केबल आणि एक्स्चेंज यांपैकी कशाचाही आधार न घेता संदेश पोहोचवू शकणारे साधन म्हणजे हौशी रेडिओ, अर्थात हॅम रेडिओ. किल्लारीचा १९९३ चा भूकंप, भूजचा २००१ चा भूकंप आणि डिसेंबर २००४ ची त्सुनामी या आपत्तींमध्ये हॅम मंडळींनी संदेशवहनाचे काम केले होते. त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हॅमचे पथक आधीपासूनच पोर्ट ब्लेअरमध्ये होते आणि अंदमानातील अनेकांची खुशाली त्यांच्याच संचावरून मुख्य भूमीवर पोहोचली.

या छंदाकडे वळणारा नवखा माणूस बहुतेक सर्व पैसे रेडिओ संचावर खर्च करतो आणि अँटेनासाठी उरलेसुरले ठेवतो. वास्तविक क्रम नेमका उलटा हवा. संच बाजारातून जसाच्या तसा आणता येतो. अँटेना मात्र आपल्या जागेप्रमाणे निवडावा लागतो आणि बहुतेक वेळा थोडाफार बदलूनही घ्यावा लागतो. ठाण्यातील टेंभी नाक्यासारख्या दाट वस्तीत घरातून चालवायचे केंद्र, म्हणजे बेस स्टेशन, उभारायचे असेल तर काय पाहावे, याची ही माहिती.

प्रथम नकाशा पाहावा

टेंभी नाका हा ठाणे स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावरील जुना भाग. मासुंदा तलाव आणि बाजारपेठ जवळच. दोन-तीन मजली जुन्या इमारती आणि त्यांना खेटून उभे राहिलेले नवे उंच टॉवर असे येथील चित्र आहे. रेडिओलहरींच्या दृष्टीने या जागेभोवतीची भूरचना महत्त्वाची ठरते. पश्चिमेला येऊरचे डोंगर आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. पूर्वेला खाडी आणि खाडीपलीकडे पारसिकची डोंगररांग. दक्षिणेला मुलुंड-भांडुपकडे आणि उत्तरेला घोडबंदर रस्त्याकडे मात्र वाट तुलनेने मोकळी आहे.

१४४ ते १४६ मेगाहर्ट्झ या व्हीएचएफ पट्ट्यातील लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्यांना मिळणारे क्षितिज काढण्याचे एक सोपे सूत्र आहे. अँटेनाच्या उंचीचे मीटरमधील वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणावे, म्हणजे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. एका टोकाचा अँटेना जमिनीपासून २५ मीटर उंच असेल तर त्याचे क्षितिज सुमारे २० किलोमीटर. दुसऱ्या टोकाचा १६ मीटर उंच असेल तर त्याचे सुमारे १६ किलोमीटर. दोन्हींची बेरीज ३६ किलोमीटरच्या पुढे जाते. टेंभी नाक्यापासून कल्याण सरळ रेषेत सतरा-अठरा किलोमीटरच असल्याने कागदावर हा संपर्क सहज वाटतो. परंतु हे सूत्र डोंगर विचारात घेत नाही. मुंब्रा आणि दिव्याच्या बाजूला पारसिकची रांग आडवी येते आणि तिच्या सावलीत संकेत क्षीण होतो. बोरिवलीकडे येऊरच्या डोंगरांचा अडसर आहे. म्हणून खरेदीपूर्वी गच्चीवर जाऊन चारही दिशांना काय दिसते, याची नोंद करणे ही पहिली पायरी होय. हातात धरायचा छोटा संच गच्चीवर नेऊन तासभर ऐकले, तरी कोणत्या दिशेने काय येते याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

कोणाशी बोलायचे?

दुसरा प्रश्न हेतूचा. ठाणे, मुंबई आणि कल्याण-डोंबिवलीतील मित्रांशी बोलायचे असेल तर व्हीएचएफ पट्टा योग्य. आपले संकेत झेलून उंचावरून पुन्हा प्रक्षेपित करणारे रिपीटर केंद्र टप्प्यात असेल, तर डोंगराचा अडसरही बऱ्याच अंशी दूर होतो. कारण अशा वेळी समोरच्या व्यक्तीचे घर दिसण्याची गरज नसते, रिपीटर दिसला की पुरते. महाराष्ट्राच्या इतर जिल्ह्यांशी बोलायचे असेल तर ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ हा ४० मीटरचा पट्टा उपयोगी. या लहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन खाली येत असल्याने दिवसा काही शे किलोमीटर आणि रात्री त्याहून बरेच दूर पोहोचतात. पारसिक किंवा येऊरचा अडथळा तेथे फारसा आड येत नाही. परदेशी संपर्कासाठी १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झचे पट्टे आहेत. त्यांपैकी २८ मेगाहर्ट्झचा पट्टा सूर्यावरील डागांच्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्राप्रमाणे कधी भरभरून चालतो, तर कधी महिनोन्‌महिने शांत राहतो.

सर्व पट्ट्यांवर चालणारा एकच अँटेना, अशी जाहिरात अनेकदा दिसते. असा अँटेना सर्वत्र थोडाथोडा चालतो. जागा कमी असेल तर एक व्हीएचएफसाठी आणि एक ४० मीटरसाठी असे दोन साधे अँटेना अधिक समाधान देतात.

व्हीएचएफसाठी तीन पर्याय

पहिला आणि सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे पाव तरंगलांबीचा ग्राउंड प्लेन. मध्ये एक उभी काडी आणि तिच्या बुडाशी खाली झुकलेल्या चार काड्या, असे त्याचे रूप. १४५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी २.०७ मीटर, म्हणून तिचा पाव भाग सुमारे ५२ सेंटिमीटर होतो. धातूच्या काडीत विद्युत लांबी थोडी जास्त भरत असल्याने उभी काडी सुमारे ४९ सेंटिमीटर ठेवतात. खालच्या चार काड्या ५२ सेंटिमीटरच्या घेतात. खालच्या काड्या आडव्या ठेवल्या तर अँटेनाचा रोध ३६ ओहमच्या आसपास राहतो. ४५ अंशांत खाली वाकवल्या की तो ५० ओहमजवळ येतो आणि केबलशी जुळतो. पॅनेलवर बसणारे एस.ओ.-२३९ सॉकेट आणि पितळी काड्या एवढ्या सामानात हा अँटेना घरी एका दुपारी तयार होतो.

दुसरा पर्याय कोलिनिअर. फायबरग्लासच्या उंच नळीतील हा अँटेना ऊर्जा आकाशात आणि जमिनीत न सांडता क्षितिजाच्या दिशेने दाबतो. सर्व दिशांना सारखेच बोलायचे असेल आणि खर्चाची तयारी असेल तर तो उत्तम. तिसरा पर्याय यागी. जपानचे शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२० च्या दशकात मांडलेली ही रचना जुन्या दूरदर्शन अँटेनामुळे घरोघरी परिचित झाली. जेमतेम एक मीटर लांबीच्या दांड्यावरील तीन काड्यांची यागी साध्या डायपोलच्या तुलनेत एका दिशेला सुमारे तिप्पट शक्ती पाठविल्यासारखा परिणाम देते. मात्र इतर दिशांना ती मंद होते. व्हीएचएफवरील एफएम संभाषण उभ्या ध्रुवणात चालते, म्हणून यागीच्या काड्याही उभ्याच ठेवाव्यात. टेंभी नाक्याहून डोंबिवली-कल्याणशी बोलायचे असेल तर यागी फिरवून पाहणे लाभाचे ठरते. अनेकदा सरळ दिशेपेक्षा एखाद्या डोंगराच्या कड्याकडे किंवा उंच टॉवरकडे तोंड केल्यावर परावर्तनामुळे संकेत अधिक स्वच्छ येतो.

साध्या ग्राउंड प्लेनलाही कमी लेखू नये. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून १४५.८०० मेगाहर्ट्झवर होणारे हॅम प्रक्षेपण, स्थानक डोक्यावरून जात असताना, अशा अँटेनावर ऐकता येते. जुलै २०२५ मध्ये अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी तेथून हॅम रेडिओद्वारेच भारतीय विद्यार्थ्यांशी संवाद साधला होता.

४० मीटरसाठी तार

७.१ मेगाहर्ट्झवरील अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल सुमारे २० मीटर लांब होतो, म्हणजे प्रत्येक बाजूला दहा मीटर तार. एवढी सरळ जागा टेंभी नाक्याच्या गच्चीवर सहसा मिळत नाही. यावर ‘इन्व्हर्टेड व्ही’ हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. गच्चीच्या मध्यभागी सात मीटरचा खांब उभारून तारेचा मध्य वर बांधावा आणि दोन्ही टोके गच्चीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांकडे अडीच मीटर उंचीपर्यंत उतरवावीत. मग अठरा मीटरचा कर्णही पुरतो. जागा त्याहून कमी असेल तर शेवटचा मीटर-दीड मीटर भाग बाजूला वळवला तरी चालतो. दोन बाजूंमधील कोन ९० अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नये. प्रक्षेपण चालू असताना तारेच्या टोकांवर मोठा दाब असतो. गच्चीवर वाळवणे घालणाऱ्या, खेळणाऱ्या कोणाचाही हात तेथे पोहोचता कामा नये.

येथे उंची हा नेहमीच गुण नसतो. ४० मीटर पट्ट्यावर जमिनीपासून दहा-बारा मीटरवर असलेली तार बरीच ऊर्जा वरच्या दिशेने पाठविते आणि ती जवळच्याच जिल्ह्यांत परत येते. राज्यातील संपर्कासाठी दोन-तीन मजली जुन्या इमारतीची गच्ची म्हणूनच अडचण ठरत नाही. दूरच्या देशांसाठी मात्र तार जितकी उंच तितकी चांगली.

शहरातील गोंगाट हा दुसरा मुद्दा. एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर आणि लिफ्टच्या मोटारी ७ मेगाहर्ट्झवर सतत खरखर निर्माण करतात. आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या टेंभी नाक्याच्या नवरात्रोत्सवात परिसर रोषणाईने उजळतो, त्या दिवसांत ही खरखर वाढलेली आढळल्यास नवल नाही. उभा अँटेना हा गोंगाट आडव्या तारेपेक्षा अधिक पकडतो. म्हणून दाट वस्तीत ४० मीटरसाठी उभ्या नळीपेक्षा तार बरी.

तयार अँटेनात बदल

बाजारात मिळणारे अनेक अँटेना हॅम पट्ट्यासाठी बनलेले नसतात. सुरक्षारक्षक वा टॅक्सी सेवांसाठीचे अँटेना १५५ ते १६० मेगाहर्ट्झच्या आसपास जुळवलेले असतात. नागरी पट्ट्यासाठीचे २७ मेगाहर्ट्झवर असतात. ते स्वस्तात मिळत असतील तर बदलून वापरता येतात. त्यासाठी एक नियम लक्षात ठेवावा : वारंवारता वाढवायची तर लांबी कमी करायची आणि वारंवारता कमी करायची तर लांबी वाढवायची. नवी लांबी काढण्यासाठी सध्याच्या लांबीला सध्याच्या वारंवारतेने गुणून हव्या असलेल्या वारंवारतेने भागावे.

उदाहरणार्थ, २७.१ मेगाहर्ट्झवरील पाव तरंगलांबीची काडी सुमारे २.६३ मीटर असते. ती २८.४ मेगाहर्ट्झवर आणण्यासाठी २.५१ मीटर करावी लागते, म्हणजे १२ सेंटिमीटर कमी. अॅल्युमिनिअमच्या नळ्या एकमेकींत सरकणाऱ्या असतील तर कापण्याचीही गरज नाही. नळी आत सरकवून क्लिप घट्ट करावी. बुडाशी कॉइल असलेल्या अँटेनात काडीबरोबर कॉइलचीही जुळवणी तपासावी लागते. याउलट १६० मेगाहर्ट्झची ४४-४५ सेंटिमीटरची काडी १४५ वर आणण्यासाठी सुमारे साडेचार सेंटिमीटर लांब करावी लागते. जोड देण्यापेक्षा तेथे नवी अखंड काडी बसवणे टिकाऊ ठरते.

तारेच्या डायपोलची सुरुवात नेहमी थोड्या जास्त लांबीने करावी. समजा, प्रत्येक बाजू १०.४ मीटर ठेवली आणि मीटरवर सर्वांत चांगले वाचन ६.८५ मेगाहर्ट्झला मिळाले. १०.४ गुणिले ६.८५ भागिले ७.१ म्हणजे सुमारे १०.०३ मीटर. सदतीस सेंटिमीटर कमी करायचे आहेत. परंतु एकदम कापू नये. आधी दोन्ही टोके तीस सेंटिमीटर मागे दुमडून तारेलाच गुंडाळावीत, पुन्हा वाचन घ्यावे आणि मगच उरलेले अंतर गाठावे. दुमडलेली तार पुन्हा सोडता येते, कापलेली जोडावी लागते.

हे वाचन एसडब्ल्यूआर मीटरवर घेतात. अँटेनाकडे गेलेल्या शक्तीपैकी किती परत येते, हे त्यावरून कळते. हे गुणोत्तर १.५ असेल तर सुमारे चार टक्के, २ असेल तर अकरा टक्के आणि ३ असेल तर पंचवीस टक्के शक्ती परतते. १.५ पर्यंत आल्यावर आणखी कोरत बसण्यात अर्थ नाही. अलीकडे नॅनो व्हीएनए नावाचे तळहाताएवढे उपकरण अल्प किमतीत मिळते आणि संपूर्ण पट्ट्याचा आलेखच दाखविते. संचावर प्रक्षेपण न करता मोजणी होत असल्याने नवख्यांसाठी ते अधिक सुरक्षित आहे.

मात्र चांगले वाचन म्हणजे चांगला अँटेना, असे समीकरण मांडू नये. पाणी शिरलेली खराब केबल जाणारी शक्ती खाते आणि परत येणारीही खाते; त्यामुळे खाली मीटर उत्तम आकडा दाखवतो आणि वर काहीच पोहोचत नाही. गेल्या वर्षीपेक्षा वाचन विनाकारण सुधारलेले दिसले, तर आनंद मानण्याऐवजी केबल तपासावी.

केबलमध्ये हरवणारी शक्ती

गच्चीवरून खालच्या मजल्यावर येणारी केबल तीस मीटर सहज भरते. १४५ मेगाहर्ट्झवर बारीक आरजी-५८ केबल एवढ्या अंतरात सुमारे ६ डेसिबेल शक्ती खाते, म्हणजे २५ वॅटच्या संचातून अँटेनापर्यंत सहा वॅटच पोहोचतात. जाड आरजी-२१३ केबलमध्ये हीच घट अडीच डेसिबेलच्या आसपास राहते आणि सुमारे चौदा वॅट पोहोचतात. ऐकू येणारा संकेतही त्याच प्रमाणात क्षीण होतो, हे विसरू नये. ७ मेगाहर्ट्झवर मात्र आरजी-५८ मधील घट दीड डेसिबेलहून कमी असते. तेथे जाड केबलवर खर्च करण्याचे कारण नाही. तारेच्या डायपोलच्या मध्याशी एकास एक प्रमाणाचा बलून बसवावा. त्यामुळे केबलच्या बाहेरील आवरणावर प्रवाह येत नाही आणि शेजाऱ्यांच्या टीव्हीत किंवा स्पीकरमध्ये आवाज शिरण्याची शक्यताही घटते.

पाऊस, वारा आणि वीज

ठाण्याच्या पावसाळ्यात उघडा जोड एक हंगामही टिकत नाही. प्रत्येक कनेक्टरवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी आणि तिच्यावर उन्हापासून संरक्षणासाठी साधी विद्युत टेप लावावी. केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच निथळते. खाडीच्या खारट हवेत तांबे आणि अॅल्युमिनिअम यांचा थेट जोड लवकर गंजतो. मध्ये स्टेनलेस स्टीलचा बोल्ट-वॉशर वापरावा.

खांबाला तीन दिशांनी ताण द्यावेत. गच्चीच्या स्लॅबला भोक पाडणे हा मात्र मोठा प्रमाद. वॉटरप्रूफिंग फुटले की खालच्या घरात गळती होते आणि अँटेनासह शेजारधर्मही संपतो. कठडा, जिन्याच्या खोलीची भिंत किंवा वजनदार काँक्रीटचा ठोकळा यांचा आधार घ्यावा. खांब पडलाच तर जवळच्या वीजवाहिनीवर पडणार नाही, एवढे अंतर राखणे अनिवार्य आहे. खांब ओला असताना आणि वाऱ्यात चढवू नये. हे काम एकट्याने करू नये.

मान्सूनपूर्व आणि परतीच्या पावसात विजा अधिक कडाडतात. खांबाला जमिनीपर्यंत स्वतंत्र जाड वाहक देऊन तो इमारतीच्या अर्थिंगशी जोडावा आणि केबलच्या प्रवेशापाशी तडितरोधक बसवावा. तरीही ढग दाटून येताच केबल संचापासून काढून ठेवणे, हाच खात्रीचा उपाय.

परवाना आणि सोसायटी

ऐकण्यासाठी संच लावणे आणि प्रक्षेपण करणे यांत फरक आहे. प्रक्षेपणासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना आणि संकेतनाम मिळवावे लागते. बेस स्टेशनचा पत्ता परवान्यात नोंदलेला असतो. कोणत्या पट्ट्यावर किती वॅटपर्यंत बोलता येते, हेही परवान्याच्या श्रेणीनुसार ठरते; अँटेना निवडण्यापूर्वीच ते पाहून घ्यावे.

गच्ची ही सोसायटीची सामाईक मालमत्ता असते. समितीकडे अर्ज करताना खांबाची उंची, आधाराची जागा, अर्थिंगची व्यवस्था आणि परवान्याची प्रत जोडल्यास बहुतेक शंका मिटतात. मोबाइल मनोऱ्याप्रमाणे हा अँटेना चोवीस तास प्रक्षेपण करत नाही आणि त्यातून भाडे मिळत नाही, हे स्पष्ट सांगावे. आपत्तीत हे केंद्र इमारतीच्याही उपयोगी पडेल, हेही नमूद करावे.

जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि सुमारे १,०५० प्रवाशांना बाहेर काढावे लागले, तेव्हा याच पट्ट्यात पाणी किती झपाट्याने चढते हे पुन्हा दिसले. ज्या बेस स्टेशनची केबल मे महिन्यात तपासलेली असते, ज्याला बारा व्होल्टची भरलेली बॅटरी जोडलेली असते आणि ज्याचा चालक दर आठवड्याला डोंबिवली-कल्याणशी संपर्क करून पाहत असतो, तेच अशा रात्री कामास येते. अँटेनाची जुळवणी कोरड्या दिवसांतच पूर्ण करावी. पुराचे पाणी चढू लागल्यावर गच्चीवर जाऊन तार मोजण्यास वेळ मिळत नाही.